व्हॅनमध्ये छोटा हीटर घ्यायचाय? आधी वीज कुठून येणार ते ठरवा

नाशिकमध्ये सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. जळालेली मोटार उघडली की आधी वास येतो तो वार्निशचा आणि करपलेल्या इन्सुलेशन पेपरचा. बावीस वर्षं तो नाकात बसलाय. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, निफाड तालुक्यात साडूंच्या मळ्यात, आम्ही नवरा-बायको आमच्या विंगर व्हॅनमध्ये झोपलो होतो आणि रात्री एकच्या सुमारास तसाच वास आला. मी ताडकन उठून बसलो.

"अहो, काय जळतंय?" बायको विचारत होती. मी म्हटलं, "आधी खाली उतर, मग बघू."

गाडीतला हीटर व्यवस्थित चालू होता. जळत होती बाहेर ओट्यावर ठेवलेली एक्स्टेंशन. रिळावर गुंडाळलेली तीस मीटर वायर, त्यातली चार-पाच मीटर सोडलेली, बाकी सगळी तशीच वेटोळ्यात. हीटर २००० वॅटचा. म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर त्या बारीक वायरीतून तीन तास वाहत होते आणि वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडायला जागाच नव्हती. मी घराकडे पळत जाऊन बटण बंद केलं. मग टॉर्च मारून बघितलं तर आतल्या थरांचं पीव्हीसी मऊ पडून एकमेकांना चिकटलं होतं. अजून अर्धा तास गेला असता तर फेज-न्यूट्रल भिडले असते, आणि ओट्यावर शेजारीच द्राक्षाच्या कागदाचे गठ्ठे होते.

माझं कामच विजेचं, आणि चूक माझ्याच हातून झाली. दुकानात हीटर बघताना मी फक्त हीटर बघितला होता. त्याच्या मागची वायर, सॉकेट, मीटर, यातलं काहीच डोक्यात घेतलं नव्हतं. त्यानंतर गाडीत हीटर कसा निवडायचा याचा क्रम मी उलटा लावला. गाडी सजवून थंडीत फिरणाऱ्या नाशिककरांची संख्या वाढतेय, म्हणून तो क्रम इथे सविस्तर लिहितोय.

बॅटरीवर हीटर चालेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. हिशेब सोपा आहे, एकदा मांडून बघा.

१२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर. इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के जातात, हातात उरतात ११०० च्या आसपास. १००० वॅटचा हीटर तिच्यावर एक तास आणि वर थोडी मिनिटं चालेल. शिवाय त्या वेळी बॅटरीतून ९० ते ९५ अँपिअर ओढले जातील. त्यासाठी बॅटरी ते इन्व्हर्टर अंगठ्याएवढी जाड केबल, केबलच्या टोकांना घट्ट दाबलेले लग्ज आणि योग्य फ्यूज लागतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ती निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, एवढा जड लोड टाकला की लिहिलेली क्षमताही पूर्ण मिळत नाही, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेत ती नकोच.

सोलरचंही तेच. छतावर ४०० वॅटचं पॅनल असेल तर हिवाळ्याच्या स्वच्छ दिवशी दीड ते दोन युनिट मिळतात. दिवसभराचं ऊन दोन तासांत संपलं. फ्रिज, दिवे, मोबाइल अजून बाकीच आहेत.

लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचे १२ व्होल्टचे छोटे हीटर ऑनलाइन दिसतात. त्या सॉकेटचा फ्यूजच १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर १५०-१८० वॅट. समोरच्या काचेवरचं धुकं पुसायला ठीक. माणसाला त्याने ऊब येत नाही.

तेव्हा जिथे २३० व्होल्टचा प्लग मिळणार आहे, तिथेच हीटर. दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षमळा, वणीला गडाच्या पायथ्याची खोली, भंडारदऱ्याचं होमस्टे, त्र्यंबक रस्त्यावरचं एखाद्या मित्राचं फार्महाउस, अशा ठिकाणी. प्लग नसलेल्या जागी मी हीटर नेतच नाही. तिथे गरम पाण्याची रबरी पिशवी. दीड लिटर पाणी २० अंशांवरून ८० वर न्यायला जेमतेम ०.१ युनिट लागतं. हजार वॅटचा हीटर तेवढी वीज सहा मिनिटांत खातो, आणि पिशवी पांघरुणात पायाशी चार-पाच तास ऊब देते. ६० ते १०० वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेटही बॅटरीला झेपतं. गाडीतली सगळी हवा तापवण्यापेक्षा अंथरूण तापवणं कितीतरी स्वस्त.

एक गोष्ट मात्र कितीही थंडी असली तरी करू नका. कोळशाची शेगडी किंवा गॅसची शेगडी गाडीत पेटवून दार लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. विजेच्या हीटरचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो की तो काही जाळत नाही.

किती वॅट लागतात

आमच्या विंगरचा झोपायचा भाग अंदाजे ३ मीटर लांब, १.६ रुंद, १.७ उंच. भिंती, छत, फरशी मिळून साधारण २५ चौरस मीटर. नुसता पत्रा असेल तर प्रत्येक चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या एका अंशाच्या फरकाला, सुमारे ५ वॅट बाहेर जातात. बाहेर ६ अंश आणि आत १८ हवे असतील तर फरक १२ अंशांचा. २५ गुणिले ५ गुणिले १२, म्हणजे १५०० वॅट. एवढी उष्णता नुसती पत्र्यातून पळते.

आता त्याच पत्र्याला आतून २० मिलिमीटरचा नायट्राइल फोम चिकटवा आणि वरून प्लाय मारा. तोच आकडा साडेचारशेच्या आसपास येतो. काचा आणि फटी धरून ६०० म्हणा. फोमला एकदाच खर्च आहे, आणि उन्हाळ्यात तोच फोम गाडी थंड ठेवतो. माझा आग्रह असा की हीटरला दोन हजार घालण्याआधी फोमला चार पैसे घाला.

समोरची मोठी काच आणि ड्रायव्हरची केबिन तर उष्णतेचं गळकं भांडं आहे. आमच्या सासूबाईंनी शिवलेली एक जुनी गोधडी होती. तिला वरच्या कडेला कड्या लावल्या आणि सीटच्या मागे पडद्यासारखी टांगली. पहिल्याच रात्री फरक कळला. खिडक्यांना फॉइलच्या शीटचे तुकडे कापून बसवले. फक्त लक्षात ठेवा, गोधडी कापसाची आहे, हीटरचं तोंड तिच्याकडे कधीच नको.

निफाडचा गारठा म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशा पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडतात, मणी तडकू नयेत म्हणून. तिथेसुद्धा फोम लावलेल्या व्हॅनला हजार वॅट पुरतात. मोठ्या ट्रॅव्हलरला थोडं जास्त धरा. स्पितीला बर्फात जायचं असेल तर तो हिशेब वेगळा. तिथे डिझेलवर चालणारे आणि धूर गाडीबाहेर सोडणारे हीटर लागतात.

कोणत्या प्रकारचा

एक गैरसमज आधी दूर करतो. हजार वॅटचा कुठलाही विजेचा हीटर हजार वॅटच उष्णता देतो. स्वस्त असो की महाग, रॉडवाला असो की तेलाचा. "कमी विजेत जास्त ऊब" असं डब्यावर लिहिलं असेल तर ते खरं नाही. फरक असतो तो उष्णता कशी पोचते यात, आणि काही बिघडलं तर तो हीटर कसा वागतो यात.

लाल रॉडचे, हॅलोजनचे हीटर गाडीत नकोत. रॉड लालबुंद असतो, समोर जे येईल ते तापतं, आणि व्हॅनमध्ये समोर अंथरूणच येतं.

तेलाचा रेडिएटर घरात फार चांगला. आवाज नाही, ऊब मऊ. पण दहा-बारा किलोचं धूड, तापायला अर्धा तास, आणि तो उभाच ठेवावा लागतो. घाटात आडवा झाला की पंचाईत.

नायक्रोम तारेच्या कॉइलचा ब्लोअर स्वस्त आणि पटकन तापणारा. माझा पहिला तोच. त्याची एक खोड मात्र नीट समजून घ्या: पंखा अडकला किंवा जाळीवर टॉवेल पडला की कॉइल लाल होत जाते. मग सगळी भिस्त आतल्या थर्मल कटआउटवर, म्हणजे फार तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचवर. तो चांगला असला तर वाचलात.

सिरॅमिक, म्हणजे पीटीसी हीटर. यातला तुकडा जसा तापतो तसा त्याचा रेझिस्टन्स वाढत जातो आणि करंट आपोआप कमी होतो. हवा अडली तरी तो स्वतःला आवरतो. वाइंडिंगवाल्याच्या नजरेने सांगतो, ही सुरक्षितता बाहेरून लावलेली नाही, मालाच्या गुणधर्मातच आहे. म्हणून बंद, छोट्या, कपड्यांनी भरलेल्या जागेत मी यालाच मत देतो. दोन टप्प्यांचा घ्या, ५०० आणि १०००.

याचा दुसरा फायदा मला मळ्यात कळला. संध्याकाळी गावात लोड वाढला की व्होल्टेज उतरतं. मी वॅटमीटरचा प्लग लावून बघितलं तेव्हा १८५ व्होल्ट होते. कॉइलच्या हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे १००० वॅटचा हीटर ६४०-६५० वर येतो. साडू म्हणत होते, "दादा, तुमचा हीटर खराब आहे." हीटर खराब नव्हता. पीटीसीत व्होल्टेज पडलं की तुकडा थोडा थंड होतो, रेझिस्टन्स उतरतो आणि करंट वाढून बरीचशी भरपाई होते. पंखा मंदावतो म्हणून घट होतेच, पण कॉइलइतकी नाही. हा वॅटमीटर जरूर घ्या, छोटा असतो आणि खूप शिकवतो. याची एक बाजू अशी की पीटीसी थंड असताना सुरू केला तर क्षणभर लिहिलेल्यापेक्षा जास्त करंट ओढतो. छोट्या जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर तो ट्रिप का होतो, याचं हे कारण.

सॉकेटमध्ये थेट खोचायचे तळहाताएवढे हीटर घेऊ नका. सगळा भार आणि सगळी उष्णता त्या सॉकेटवर येते, आणि गाडीच्या हादऱ्याने सॉकेट आधीच सैल झालेला असतो.

दुकानात उभे राहून काय बघाल

डबा उघडायला सांगा. हीटर उलटा करा. आयएसआयचं चिन्ह हवं आणि त्याच्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर हवा. तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तिथेच टाकून बघा. कंपनी आणि वस्तू जुळली पाहिजे. दुकानदार घाई करेल, करू द्या.

मग चालू करा आणि हीटर हळूच तिरका करा, उचला. लगेच बंद पडला पाहिजे. पडला नाही तर परत ठेवा. थर्मोस्टॅटचं बटण फिरवून टिक वाजते का ऐका. पंखा जास्त वेगावर ठेवून कान द्या, कारण दुकानातला आवाज रात्री गाडीत दुप्पट वाटतो. वायर जाड आणि तीन पिनांची हवी. दोन पिनांचा धातूच्या बॉडीचा हीटर तर बघूच नका. शेवटी दहा मिनिटांनी प्लग काढून पिना हाताला लावा. कोमट ठीक, चटका बसला तर प्लग किंवा सॉकेट यातलं एक सैल आहे.

घरी आणल्यावर पहिला अर्धा तास गच्चीत चालवा. नव्या मालावरचं तेल-धूळ जळून वास येतो, तो गाडीत नको.

वायर आणि सॉकेट, जिथे मी चुकलो

माझी आताची एक्स्टेंशन मी स्वतः बनवली आहे. अडीच चौरस एमएमची तीन कोअर तांब्याची फ्लेक्झिबल वायर, पंधरा मीटर, दोन्ही टोकांना १६ अँपिअरचे प्लग-सॉकेट. हजार वॅटला एवढी जाड लागत नाही, दीडची चालते. पण बाहेर वायर दगडावरून, चिखलातून जाते, कोणी ट्रॅक्टर आणतं. वापरताना ती पूर्ण उलगडतो आणि मोकळी पसरवतो. वेटोळं नाही, गादीखाली नाही, दारात चेमटलेली नाही. एका एक्स्टेंशनला दुसरी जोडत नाही.

गाडीत वीज शिरते तिथे एक छोटा बॉक्स बसवलाय. त्यात १० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. बाहेरून येणारी वायर आणि हा बॉक्स, दोन्ही माझ्याशिवाय कोणी लावायचं नाही असा घरात नियम आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का हे बघतो, फरक पडला की क्षणात तोडतो. गावाकडे अर्थिंग अनेकदा नावालाच असतं, तिथे हाच माणसाला वाचवतो. लक्षात घ्या, तुमची गाडी रबराच्या टायरवर उभी असलेली लोखंडी पेटी आहे. आत फेज बॉडीला लागला तर दार उघडायला हात लावणाऱ्याच्या पायाखाली ओली माती असते. नव्या जागी मी आधी सॉकेट टेस्टर लावतो, प्लग जोडल्यावर गाडीच्या पत्र्याला निऑन टेस्टर टेकवतो. दिवा लागला तर प्लग काढतो आणि त्या रात्री हीटर नाही. स्वतःला यातलं कळत नसेल तर बॉक्स चांगल्या वायरमनकडून बसवून घ्या, त्याला गाडी समोर आणून दाखवा.

पंपाच्या कनेक्शनवरून वीज घेऊ नका. ते शेतीसाठी दिलेलं असतं, आणि थ्री फेज कधी दिवसा तर कधी रात्री. पंप चालू-बंद झाले की व्होल्टेजही वरखाली होतं. घरगुती मीटरवरून घ्या आणि यजमानाला आधी सांगा की हजार वॅटचा लोड लावतोय. बऱ्याच जुन्या घरांत एकाच सर्किटवर सगळं असतं, त्यांचा टीव्ही बंद पडला तर वाईट दिसतं.

गाडीत कुठे ठेवायचा आणि कधी बंद करायचा

आमचा हीटर सरकत्या दाराजवळच्या पायवाटेत खाली ठेवतो, पट्ट्याने बांधून, तोंड मोकळ्या जागेकडे. समोर तीन फूट काही नाही. बेडच्या खाली, कपाटात, लटकत्या कपड्यांखाली नाही. दाराजवळ एक किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक अडकवलंय आणि छताला स्मोक अलार्म. छताचा व्हेंट दोन बोटं उघडा असतो; दोन माणसांच्या श्वासाची वाफ सकाळी काचांवरून ओघळते, ती फोममागे शिरली की पत्रा गंजतो.

रात्रभर हीटर मी चालू ठेवत नाही. नऊला सुरू करतो, अकराला झोपताना बंद. फोममुळे ऊब दीड-दोन तास टिकते, पुढे रजई आणि पिशवी. साडेचारचा गजर लावतो, कारण थंडीचा खरा मार पहाटे असतो. मग साडेसहापर्यंत ५०० वर. थर्मोस्टॅट मधेमधे हीटर बंद करतो, त्यामुळे गेल्या पौषात त्याच मळ्यात वॅटमीटरवर रात्रीचे अडीच युनिटसुद्धा झाले नाहीत. सकाळी मेहुणीला पैसे देऊ लागलो तर म्हणाली, "दाजी, अडीच युनिटाचे पैसे घेऊ का मी तुमच्याकडून?" नाही घेतले. पण अनोळखी ठिकाणी मी आकडा दाखवून पैसे देतोच, आणि पुढच्या वेळी ते स्वतःहून चांगल्या सॉकेटपाशी गाडी लावायला जागा देतात.

होळी झाली की हीटर जाळी उघडून ब्लोअरने साफ करतो, वायर सैल वेटोळी करून डब्यात ठेवतो. दिवाळीनंतर काढला की आधी वायर बोटांनी पूर्ण लांबीभर चाचपतो, कुठे मऊ, कडक किंवा चिरलेली लागतेय का बघायला. ती जळालेली एक्स्टेंशन वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवली आहे; गाडी बांधायला निघालेला कोणी आला की आधी ती काढून त्याच्या हातात देतो.